पाण्याविना पार पडणारा उन्हाळा: ग्रीसमधील स्पारोझा बागेचे प्रकरण

ग्रीसमध्ये अथेन्सच्या पूर्वेचा इमितोस डोंगर ओलांडला की मेसोगेया नावाचे मैदान लागते. हे मैदान पूर्वापार द्राक्षमळ्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि २००१ पासून अथेन्सचा विमानतळही इथेच आहे. मैदानातील पेआनिया हे गाव म्हणजे प्राचीन वक्ता डेमॉस्थेनिस याचे मूळ गाव. त्या गावाजवळच्या एका खडकाळ टेकडीच्या उतारावर स्पारोझा ही बाग आहे. तिचे क्षेत्र हेक्टरभराच्या आसपास आहे, जमीन चुनखडीची आणि माती पातळ आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरअखेरपर्यंत तिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि त्या काळात बागेच्या मोठ्या भागाला पाणीही घातले जात नाही. असे असूनही ही बाग सहा दशके टिकून आहे. ती कशी टिकते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

ही बाग जॅकलिन टिरिट यांनी उभी केली. त्यांचा जन्म १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया येथे झाला. बागकामाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या टिरिट पुढे नगररचनेच्या क्षेत्रात नामवंत झाल्या. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंताने भारतातील शहरांवर लिहिलेल्या अहवालांचे संकलन त्यांनी संपादित केले आणि ते १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे गेडिस म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक. १९५४ मध्ये नवी दिल्लीत स्वस्त घरबांधणीवर आंतरराष्ट्रीय प्रदर्शन व परिसंवाद झाला, त्या कामासाठी टिरिट संयुक्त राष्ट्रांच्या वतीने भारतात आल्या होत्या. तिथेच त्यांचा ग्रीक वास्तुविशारद कॉन्स्टॅन्टिनोस डॉक्सिआडिस यांच्याशी परिचय झाला आणि त्या परिचयातूनच पुढे त्यांचे ग्रीसशी नाते जुळले. साठच्या दशकात त्यांनी ही टेकडीवरची जागा घेऊन घर बांधले, १९६९ मध्ये हार्वर्डमधील अध्यापनातून निवृत्त झाल्यावर त्या तिथे कायमच्या राहायला गेल्या आणि १९८३ मध्ये तिथेच वारल्या. पुढे १९९४ मध्ये भूमध्य हवामानातील बागकामासाठी स्थापन झालेल्या ‘मेडिटरेनियन गार्डन सोसायटी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय स्पारोझा येथेच आले, आणि २०२१ मध्ये निधन होईपर्यंत सॅली रझेलू यांनी अनेक वर्षे ही बाग सांभाळली.

गेडिस यांचा आग्रह असे की नियोजनाआधी पाहणी हवी, आणि शहर जसे आहे तसे समजून घेतल्यावाचून त्यात हात घालू नये. टिरिट यांनी टेकडीच्या बाबतीत हेच केले असे म्हटले तर ते माझे अनुमान ठरेल, पण बागेची घडण पाहता ते फार दूरचे वाटत नाही. टेकडीवर आधीपासून असलेली खुरटी, काटेरी, सुगंधी झुडपे उपटून तिथे हिरवळ अंथरण्याऐवजी वरच्या उतारावर ती तशीच राखली गेली. घराच्या खालच्या बाजूला ताली घालून लागवड करण्यात आली.

मराठी वाचकाला हे प्रकरण समजण्यात सर्वांत मोठा अडथळा ‘उन्हाळा’ या शब्दाचाच होतो. आपल्याकडे ऊन एप्रिल-मे मध्ये शिगेला पोहोचते, मध्येच एखादा वळीव पडून जातो आणि मृग लागला की चार महिने पावसाचे. म्हणजे उष्णतेचा कडेलोट होतो तिथेच पाऊस उभा असतो, आणि झाडाला ऊब व ओल एकाच वेळी मिळते. भूमध्य समुद्राच्या काठी नेमके उलटे घडते. तिथे पाऊस थंडीत पडतो आणि उन्हाळा पूर्ण कोरडा जातो. अथेन्सचा वार्षिक पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर आहे. पुण्याच्या सुमारे ७०० मिलिमीटरच्या तुलनेत तो फार कमी वाटत नाही, पण तो जवळजवळ सगळा ऑक्टोबर ते एप्रिल या काळात येतो, म्हणजे झाडांना त्याची सर्वाधिक गरज असते त्या महिन्यांत तो नसतोच. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी हा कोरडा वारा दिवसेंदिवस वाहतो आणि पानांतील उरलासुरला ओलावा घेऊन जातो.

यातून बागकामाचे सगळे पंचांगच बदलते. आपल्याकडे रोप लावायचे ते जून-जुलैमध्ये. स्पारोझासारख्या ठिकाणी जूनमध्ये लावलेले रोप बहुधा ऑगस्ट पाहत नाही. तिथला माळी वर्ष ऑक्टोबरपासून मोजतो. पहिला पाऊस पडून माती हातभर भिजली की लागवड सुरू होते, मुळे हिवाळाभर खोल जातात, मार्च ते मे हा फुलांचा आणि वाढीचा काळ असतो आणि जूनपासून झाडे झोपी जातात. युरोपच्या उत्तरेत बर्फामुळे जी विश्रांती हिवाळ्यात मिळते, ती इथे उन्हाळ्यात मिळते. बागेने उन्हाळ्याशी झुंजावे अशी अपेक्षाच इथे नाही. उन्हाळा हा तिचा निजण्याचा काळ आहे, असे धरूनच सारी योजना आहे, आणि या प्रकरणातील जवळजवळ प्रत्येक निर्णय या एका गृहीतकातून निघतो.

टेकडीवरच्या मूळ झुडपांना ग्रीकमध्ये ‘फ्रिगाना’ म्हणतात. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेलेल्या थिओफ्रास्टसने वनस्पतींचे वृक्ष, झुडूप, उपझुडूप आणि तृण असे जे चार वर्ग केले, त्यांतील उपझुडपासाठी त्याने हाच शब्द वापरला. शब्दाच्या मुळाशी भाजणे, शेकणे अशा अर्थाचा धातू आहे, आणि ऑगस्टमधली टेकडी पाहिली की तो चपखल वाटतो. रानथाइम, काटेरी सार्कोपोटेरियम, पिवळ्या फुलांचे फ्लोमिस, सिस्टस ही तिथली नेहमीची मंडळी.

या झुडपांचे उन्हाळ्यातले वागणे बारकाईने पाहण्यासारखे आहे. सार्कोपोटेरियम आणि फ्लोमिस यांना वर्षात दोन प्रकारची पाने येतात. हिवाळ्यातली पाने मोठी असतात. कोरड्या दिवसांच्या तोंडावर ती गळतात आणि त्यांच्या जागी लहान पाने राहतात. फ्लोमिसच्या पानांवर दाट लव असते आणि उन्हात ती पाने आत वळतात. पानाचा आकार आणि उघडा पृष्ठभाग घटला की बाष्परूपाने जाणारे पाणीही घटते. झाडासारखे वाढणारे एक युफोर्बिया तर याही पुढे जाते. जूनच्या सुमारास ते सगळी पाने टाकून देते, उन्हाळाभर नुसत्या फांद्यांवर उभे राहते आणि शरद ऋतूतल्या पहिल्या पावसाने पुन्हा पालवते. अनोळखी माणसाला ते मेलेले वाटते, आणि नवखा माळी घाईने ते उपटूनही टाकतो. खरे तर आपला पळस आणि सावर हिवाळ्याच्या शेवटी पाने टाकतात, त्यामागेही हाच हिशेब आहे. पण बागेत लावलेल्या झाडाने असे केले की आपल्याला तो आपला पराभव वाटतो.

कण्हेरीची तऱ्हा वेगळी. ती ग्रीसच्या कोरड्या नदीपात्रांत आपोआप वाढते आणि ऐन उन्हात फुलते. तिच्या पानांची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला खोल खळग्यांत असतात आणि त्या खळग्यांत बारीक लव असते, त्यामुळे वाऱ्याचा झोत थेट रंध्रांपर्यंत पोहोचत नाही. ऑलिव्हच्या पानाची खालची बाजू रुपेरी दिसते तीही तिथल्या चपट्या खवल्यांसारख्या केसांमुळे. कॅपर हे आपल्या वाघाटीच्या कुळातले झुडूप जुलैमध्ये भिंतीच्या फटीतून हिरवेगार लोंबत असते, कारण त्याची मुळे फार खोल जातात. निर्गुडीची ग्रीक बहीण व्हायटेक्स अॅग्नस-कास्टस हीसुद्धा भर उन्हाळ्यात निळ्या-जांभळ्या तुऱ्यांनी फुलते. थोडक्यात, उन्हाळ्यात सगळेच झोपते असे नाही. ज्यांची मुळे खोल आहेत ती जागी राहतात.

आता पाण्याच्या प्रश्नाकडे वळू, कारण सर्वांत अधिक चुका इथेच होतात. झाड कोमेजलेले दिसले की पाणी घालावे, ही आपली सहजप्रवृत्ती आहे, आणि बहुतेक बागांत ती योग्यही ठरते. पण सिस्टस, लॅव्हेंडर, रोझमेरी अशी झुडपे उन्हाळ्यात निजलेली असतात, त्यांची मुळे जवळजवळ काम करीत नाहीत. अशा वेळी तापलेल्या मातीत पाणी घातले की फायटॉफ्थोरासारख्या, मुळे कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना हवे तसे वातावरण मिळते. ओल आणि पंचवीस अंशांच्या आसपासचे मातीचे तापमान यांपलीकडे त्यांना काही लागत नाही. मग रोप आठवडाभरात तपकिरी पडते. माळ्याला वाटते की पाणी कमी पडले, म्हणून तो शेजारच्या रोपाला अधिक पाणी घालतो, आणि तेही जाते. हिवाळ्यात तीच माती आठवडेच्या आठवडे भिजलेली असते तरी असे घडत नाही, कारण तेव्हा ती थंड असते. म्हणून भूमध्य बागेत झाड मारणारा दोषी म्हणून एकट्या दुष्काळाकडे बोट दाखवता येत नाही. ऊब आणि ओल यांची अवेळी झालेली भेट कित्येकदा त्याच्याइतकीच घातक ठरते.

पुण्या-नाशिकच्या गच्चीवर हौसेने आणलेले लॅव्हेंडर जुलैच्या झडीत का दगावते, याचे उत्तरही बहुतांशी इथेच आहे. आपला पावसाळा म्हणजे त्या रोपाच्या दृष्टीने ऐन उन्हाळ्यात चार महिने चालू ठेवलेला नळ. त्यामुळे स्पारोझातील यादी जशीच्या तशी उचलून महाराष्ट्रात लावण्यात अर्थ नाही. मात्र कॅलिफोर्निया, पर्थ किंवा केप टाऊन येथे राहणाऱ्या मराठी माणसाच्या अंगणाला हे प्रकरण थेट लागू पडते, कारण जगात भूमध्य समुद्राच्या काठाबाहेर असे हवामान कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचे नैर्ऋत्य टोक आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण व नैर्ऋत्य भाग एवढ्याच ठिकाणी आढळते.

पाणी द्यायचेच नाही, हा नियम रुजलेल्या झाडांचा आहे. नव्या रोपाला पहिला उन्हाळा पार करवून द्यावा लागतो. या बाबतीत दक्षिण फ्रान्समधील मेझ येथे कोरड्या बागांच्या रोपांची रोपवाटिका चालवणारे ऑलिव्हिए फिलिपी यांची पद्धत भूमध्य बागवानांत मान्य आहे, आणि ती वाचताना आपल्या आळ्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. शरद ऋतूत लहान वयाचे, लहान कुंडीतले रोप लावायचे. मोठे रोप दिसायला बरे, पण त्याची मुळे कुंडीत गोल गोल फिरलेली असतात आणि ती जमिनीत उतरायला तयार नसतात. रोपाभोवती सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचे आणि २० सेंटिमीटर उंच कडेचे आळे करायचे. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदाच, पण २० ते ३० लिटर पाणी एका दमात घालायचे. पाणी खोल जाते, वरची माती मधल्या काळात पूर्ण वाळते आणि मुळांना खाली जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. रोज थोडे थोडे पाणी देणारे ठिबक इथे उलट अपायकारक ठरते, कारण मुळे वरच्या ओल्या थरातच घुटमळतात आणि ठिबक ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी झाड उघडे पडते. ठिबक सिंचनाबद्दल आपल्याकडे असलेला आदर, आणि ऊस-डाळिंबाच्या शेतात तो रास्तच आहे, इथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. दुसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी बंद.

याला जोड आच्छादनाची. भूमध्य बागेत बारीक खडीचा चार बोटे जाड थर अंथरण्याची पद्धत आहे. खडीमुळे मातीतील पाणी केशाकर्षणाने वर येऊन उडून जात नाही, तण कमी उगवते आणि झाडाचा बुंधा कोरडा राहतो. हा तिसरा लाभ लॅव्हेंडरसारख्या झुडपांना फार महत्त्वाचा आहे, कारण बुंध्याशी साचलेला ओला पालापाचोळा त्यांना मानवत नाही. स्पारोझाच्या एका उघड्या, दगडाळ तुकड्याला तिथली मंडळी ‘फ्राइंग पॅन’ म्हणतात, म्हणजे आपला तवाच. कंद जमिनीखाली निजून राहतात, म्हणून असल्या तव्यावरही त्यांचे भागते.

घरालगतचे अंगण हा मात्र वेगळा मामला आहे, आणि तो वेगळा मानणे हाच या योजनेचा शहाणपणा आहे. पाणी मोजके असेल तर ते माणसे बसतात तिथे खर्चावे. ग्रीक अंगणात द्राक्षवेलीचा मांडव आणि चुन्याने रंगवलेल्या कुंड्या किंवा डबे जागोजाग दिसतात. द्राक्षवेल उन्हाळ्यात सावली देते आणि हिवाळ्यात पाने टाकून ऊन घरात येऊ देते, म्हणून तिथे बारमाही हिरव्या वेलीपेक्षा ती पसंत केली जाते. कुंडीत तुळशीच्या कुळातला व्हासिलिकोस असतो, आणि संध्याकाळी त्याला पाणी घालणे हा तिथल्या घरांचा नेम आहे. भाजलेल्या मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडते, त्यामुळे मुळे थंड राहतात, पण कुंडी लवकर कोरडीही पडते. म्हणून कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवतात.

हे सारे सामान्य उन्हाळ्याचे झाले. अटिका प्रांताचे उन्हाळे नेहमीच सामान्य नसतात. १० जुलै १९७७ रोजी याच प्रांतात, अथेन्सजवळच्या एलेफसिना व तातोई येथे ४८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २०२१ मध्ये सिसिलीत ४८.८ अंशांची नोंद होईपर्यंत युरोप खंडातील तो उच्चांक होता. २०२३ च्या जुलैमध्ये उष्णतेची लाट सुमारे दोन आठवडे रेंगाळली आणि अॅक्रोपोलिस दुपारच्या वेळी पर्यटकांना बंद ठेवावे लागले. अशा दिवसांत सावलीत वाढलेली, कोवळ्या पानांची झाडे करपतात. फ्रिगानातील झुडपे मात्र तोवर पाने गाळून बसलेली असतात, त्यामुळे त्यांच्याकडे करपण्यासारखे फारसे उरलेले नसते. माणसांनी अशा दिवसांत बागेत काम करू नये, एवढेच करण्यासारखे असते, आणि ते करण्याची मुभा ही पद्धत देते. भर ऑगस्टमध्ये बागेला माळ्याची गरजच लागू नये, यात मला या योजनेचे सर्वांत मोठे यश दिसते.

आगीचा धोका मात्र असा बाजूला ठेवता येत नाही. २३ जुलै २०१८ रोजी पूर्व अटिकातील माती या किनारी वस्तीत वणव्याने शंभराहून अधिक माणसे दगावली. पेआनियाही पूर्व अटिकातच आहे. फ्रिगानातील सुगंधी झुडपे तेलकट असतात आणि वाळलेले गवत ठिणगीची वाट पाहतच असते. म्हणून वसंत संपता संपता घराभोवतीचे गवत कापून उचलणे हे बागकामातले सर्वांत निकडीचे काम ठरते. इथे दोन हिशेब एकमेकांविरुद्ध जातात. वाळलेले गवत व पाचोळा मातीवर राहिला तर ओल टिकते आणि बियाही पडतात, पण घराजवळ तो ठेवणे परवडत नाही. त्यामुळे घरालगत खडी आणि दूर उतारावर पाचोळा, अशी विभागणी करावी लागते.

पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे ऑगस्टमध्ये अशी बाग तपकिरी, राखाडी आणि गवतासारखी पिवळी दिसते, आणि उन्हाळी सुटीत ग्रीसला येणाऱ्या पाहुण्याला नेमकी तेव्हाच ती पाहायची असते. घरमालक वर्षातून फक्त जुलै-ऑगस्टमध्येच त्या घरात राहत असेल, तर ही पद्धत त्याला पटणे कठीण आहे, आणि त्याचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मला वाटत नाही. दुसरी मर्यादा अशी की या पद्धतीत चूक सुधारायला वर्ष लागते. चुकीच्या जागी लावलेले झुडूप मे महिन्यात हलवता येत नाही, पुढच्या पावसाची वाट पाहावी लागते. तिसरी गोष्ट पावसाची. सरासरी ४०० मिलिमीटर असली तरी एखाद्या वर्षी शरद ऋतूतला पाऊस डिसेंबरपर्यंत लांबतो, आणि तेव्हा लागवडीचा सगळा हंगाम अडचणीत येतो. अथेन्सला पाणी पुरवणाऱ्या मोर्नोस जलाशयाची पातळी २०२४ मध्ये इतकी खाली गेली की त्यात बुडालेल्या कालिओ गावाचे अवशेष वर आले. उजनीच्या पाण्यातून डोके वर काढणारे पळसदेवचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. हौसेसाठी नळ उघडा ठेवण्याची सोय त्या शहराला पूर्वीइतकी उरलेली नाही.

ऑगस्ट संपत आला, अजून पावसाचा थेंब नाही आणि माती विटेसारखी कडक झालेली असली, की एक गोष्ट घडते. सागरी रानकांदा, म्हणजे ड्रिमिया मॅरिटिमा, पानांशिवाय नुसता कमरेएवढा पांढऱ्या फुलांचा दांडा वर काढतो. सगळे पाणी त्याच्या जाड कंदात साठवलेले असते. महाराष्ट्राच्या माळरानावर उगवणारा आपला रानकांदा, ड्रिमिया इंडिका, त्याचा सख्खा भाऊ. तोही पानांआधी, पावसाच्या आधी, कोरड्या जमिनीतूनच फुलतो. फरक इतकाच की आपला एप्रिल-मे मध्ये फुलतो आणि तिथला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कारण पाऊस तिथे तेवढ्याच उशिरा येतो. पुढे पहिल्या सरी पडल्या की काही दिवसांतच पिवळी स्टर्नबर्गिया आणि गुलाबी सायक्लेमेन जमिनीतून वर येतात. मग माळी कुदळीने एका ठिकाणी खणून पाहतो. ओल वीतभरच गेली असेल तर आणखी एका पावसाची वाट पाहायची. हातभर गेली असेल तर रोपवाटिकेतली लहान रोपे बाहेर काढायची आणि खड्डे घ्यायला सुरुवात करायची.